लांब नखांचे फोटो काढायचे तर आधी हात बघायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायकांच्या लांब, निगुतीनं राखलेल्या नखांचे फोटो काढायची तुम्हाला मनापासून आवड आहे. जवळ साधा डीएसएलआर, त्यावर १८-५५ची लेन्स, शिवाय मोबाइल. बायकोच्या दोन मैत्रिणींनी फोटो काढू दिले, पण त्यांत नखं आखूड आणि बोजड दिसतात, नेलपॉलिशवर पांढरा डाग पडतो. घरचे म्हणतात, हा कसला नाद? अनोळखी बाईला विचारायचं कसं तेही कळत नाही. आणि शेवटी, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) घेऊ का?

दागिन्यांचे फोटो हा माझा पोटापाण्याचा धंदा. कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, सराफांसाठी साज, चिंचपेट्या, पाटल्या, तोडे यांचे फोटो काढता काढता हातांकडे बघायची सवय लागली. सराफ सांगायचे, "मॉडेलला नखं कापून यायला सांगा, दागिन्यावरची नजर हटते." माझी मात्र नेमकी तिकडंच जायची. तेव्हापासून धंद्याबाहेर, निव्वळ हौसेखातर, मी नखांचे फोटो काढतोय.

घरच्यांचं आधी. कोल्हापूर हे नादाचंच गाव आहे. कुणाला पाडव्याला म्हशी सजवून पळवायचा नाद, कुणाला कबुतरांचा, कुणी पेठेच्या फुटबॉल टीमपायी कामावर दांडी मारतो. त्यात एकाला नखांचा असला तर काही बिघडत नाही. पण स्वतःशी खरं बोला. या आवडीत आकर्षणाचा भाग असू शकतो, अनेकांच्या बाबतीत असतो, आणि त्यात गुन्हा काही नाही. फक्त तो भाग अनोळखी बाईच्या गळ्यात 'कला' म्हणून मारायचा नाही. फोटोसाठी हात पुढं करणाऱ्या बाईला आपण काय बघतोय आणि कशासाठी, हे स्वच्छ माहीत असलं पाहिजे.

त्यामुळं विचारताना आडवळण नको. "हातांचे फोटो काढायचेत" असं सांगून नंतर नखांपुरतं क्रॉप करणारे लोक मी पाहिलेत. ते मला पटत नाही. "ताई, मला लांब नखांचे फोटो काढायची आवड आहे, हे बघा माझे आधीचे," असं म्हणून छापलेले आठ-दहा फोटो समोर ठेवा. मोबाइलमधले दाखवू नका. मोबाइल दाखवला की बाईला वाटतं, पुढच्या फोटोवर काय निघेल कोण जाणे. छापील अल्बममध्ये काय आहे ते एका नजरेत कळतं. महाद्वार रोडच्या गर्दीत किंवा केएमटीच्या बसमध्ये झूम लावून गुपचूप काढणं तर अजिबात नाही, फोटो कितीही भारी आला तरी.

ओळखी काढायचा सोपा मार्ग म्हणजे नेल आर्ट करणाऱ्या पार्लरवाल्या. राजारामपुरीत, शाहूपुरीत आता अशी पार्लरं बरीच झालीत. त्यांना आपल्या कामाचे चांगले फोटो हवेच असतात आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचा त्यांच्यावर विश्वास असतो. तुम्ही पार्लरवालीला तिच्या कामाचे फोटो फुकट काढून द्या. ती तुमच्याबद्दल चार शब्द बोलेल. फोटो तिथंच, तिच्यासमोर काढा, नाहीतर बायकोला बरोबर न्या. समोरची अठराच्या आतली असेल तर विषयच नको.

काढून झाल्यावर स्क्रीनवर सगळे दाखवा आणि ती म्हणेल ते तिच्यासमोर उडवा. फोटो कुठं टाकणार, नाव घालणार का, हे दोन ओळींत लिहून सही घ्या आणि एक प्रत तिला द्या. चेहरा नाही म्हणजे ओळख पटणार नाही, अशा समजात राहू नका. आपल्या गावात अंगठीवरून, गोंदणावरून, मंगळसूत्राच्या वाट्यांवरूनसुद्धा माणूस ओळखतात. अंगठी काढायची का, हे आधीच विचारा. आणि पोझ समजावताना तिचा हात धरायचा नाही. आपला हात टेबलावर ठेवून दाखवायचा, "असा ठेवा." हे पाळलंत तर पुढची निम्मी कामं आपोआप सोपी होतात, कारण अवघडलेला हात कॅमेऱ्यात लगेच कळतो. बोटं ताठतात, पंजा होतो.

आता नख म्हणजे काय, हे जरा समजून घ्या. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, थोडं इकडंतिकडं. मधल्या बोटाचं जरा जलद, अंगठ्याचं सावकाश. म्हणजे बोटाच्या टोकापुढं ३ सेंटिमीटर आलेलं नख हे दहा-एक महिन्यांचं काम असतं, तेही भांडी, पीठ मळणं, गाडीचं दार, बसचा दांडा या सगळ्यांतून वाचलेलं. या कारणानं अस्सल लांब नख दिसलं की मी आधी ते वाचतो. मेंदी नखाच्या केराटिनला, म्हणजे नख ज्या प्रथिनाचं बनतं त्याला, धरते आणि धुऊन जात नाही. नख वाढेल तसा तो केशरी भाग पुढं सरकत जातो. एका नव्या नवरीच्या नखावर मुळाशी जेमतेम पाच मिलिमीटर रुंद असं कोरं अर्धवर्तुळ दिसत होतं, आणि त्यापुढं एकदम गडद केशरी. मी म्हटलं, "लग्नाला दीड-दोन महिने झाले का?" ती नवऱ्याकडं बघायला लागली, यानं सांगितलं की काय म्हणून. तो कोऱ्या-केशरीचा काठ मला त्या फोटोतल्या बांगड्यांपेक्षा जास्त आवडतो. नेलपॉलिश लावली असती तर तो दिसलाच नसता.

असंच मोठ्या तापातून उठलेल्या माणसाच्या नखांवर कधी कधी आडवी खाच उमटते, कारण आजारात नखाची वाढ काही काळ अडते. उभ्या बारीक रेघा वयानुसार वाढतात. पांढरे ठिपके बहुतेक वेळा किरकोळ मार लागल्यानं येतात, कॅल्शियम कमी झाल्यामुळं नव्हे, लोक काहीही म्हणोत. हे सगळं फोटोत ठेवायचं की नाही ते तुम्ही आणि तिनं ठरवा. मी सहसा ठेवतो. एक गोष्ट मात्र जरूर बोला: एकाच नखावर नव्यानं आलेली काळपट उभी पट्टी दिसली तर तिला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. बहुतेक वेळा काही नसतं, पण दाखवलेलं बरं. आपण भिंगातून बघत असतो, तिचं लक्ष गेलेलंही नसतं.

जेल आणि अॅक्रिलिक नखांचं वागणं वेगळं. ती एकसारखी असतात, वरचा थर काचेसारखा गुळगुळीत, आणि रंगीत असली तर उजेड आरपार कमी जातो. अस्सल नखाचं टोक अर्धपारदर्शक असतं, किंचित पिवळसर झाक असते. दोन्ही सुंदर दिसतात, पण उजेड वेगवेगळा मागतात. जाता जाता: हळद नखाला आणि फिक्या रंगाच्या जेललाही लगेच धरते. तांबड्या रश्श्याच्या जेवणानंतर फोटोला बसवू नका, जेवणाआधी बसवा. बसलाच डाग तर उन्हात तो हळूहळू फिका पडतो. धुणीभांडी किंवा अंघोळीनंतर लगेचही नको. नख पाणी पिऊन मऊ पडलेलं असतं आणि बोटांची कातडी सुरकुतलेली. काढायच्या आधी नखाच्या मुळाशी खोबरेल तेलाचा एक थेंब चोळायला सांगा आणि नखावरचं तेल कोरड्या फडक्यानं पुसून टाका.

तुमचा तो पांढरा डाग. नेलपॉलिश लावलेलं नख म्हणजे फुगीर आरसा. त्यावर दिसणारा डाग म्हणजे तुमच्याच दिव्याचं, फ्लॅशचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब. ते घालवायचं नसतं, त्याला आकार द्यायचा असतो. दिवा लहान तर डाग लहान आणि बोचरा. उजेडाचा स्रोत मोठा आणि जवळ आणला की तोच डाग पसरून मुळापासून टोकापर्यंत एक सलग लांब पट्टा होतो, आणि या पट्ट्यामुळंच नखाची कमान डोळ्यांना कळते. खिडकीला मांजरपाट ताणून लावा, हात खिडकीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवा, खिडकी बोटांच्या एका बाजूला येऊ द्या. दुसऱ्या बाजूला काळा कार्डपेपर उभा करा, म्हणजे नखाची ती कड गडद होऊन पार्श्वभूमीपासून सुटी दिसेल. बहुतेक लोक तिथं पांढरा कागद लावतात आणि मग नख सपाट दिसतं म्हणून तक्रार करतात. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवून १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला, तिथं डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) विकत घ्यायला कुणी ऑनलाइन धावू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

घरातले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र पडले की मरून पॉलिश एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला विटकरी येते. लाल रंगाची आणखी एक खोड: भडक लाल पॉलिशमध्ये कॅमेऱ्याचा लाल चॅनल बाकीच्यांच्या आधी भरून वाहतो आणि नख एकसंध लाल ठिगळ होतं, कमान, छटा सगळं जातं. साधा हिस्टोग्राम (फोटोत उजेड कुठं किती आहे ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) बघून हे कळत नाही, तीन रंगांचा वेगवेगळा लावून बघा. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपनं कमी करा, रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल काढा, नंतर कॉम्प्युटरवर उजळा.

पोलरायझर फिल्टर उपयोगी आहे. तिरक्या कोनातून आलेली चकाकी, विशेषतः पन्नास-साठ अंशांच्या आसपासची, तो बरीच कापतो. पण क्रोम किंवा चमचमत्या धातूच्या कणांच्या पॉलिशवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि साध्या पॉलिशवरही तो फिरवून चकाकी पुरती घालवू नका. चकाकी संपली की नख मेल्यागत दिसतं. मी अर्धवट फिरवून ठेवतो.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, त्यासारखा उजेड नाही. सोप्यात किंवा गॅलरीत बसवा, आख्खं आकाश तुमचा दिवा. पॉलिश नसलेल्या अस्सल नखांसाठी मात्र मी हिवाळ्यातली रंकाळ्यावरची संध्याकाळ निवडतो. सूर्य तलावापलीकडं उतरत असताना हात कठड्यावरून थोडा बाहेर, सूर्य नखांच्या मागं. टोकं आतून पेटल्यासारखी दिसतात आणि बोटाची कातडी जिथं नखाला सोडते ती रेघ स्पष्ट उमटते. लेन्सवर थेट ऊन पडू देऊ नका, दुसऱ्या हातानं सावली धरा. रंगीत, अपारदर्शक अॅक्रिलिकवर हे जमत नाही, तिथं फक्त काळी आकृती मिळते.

नखं आखूड का दिसतात? कारण तुम्ही बोटांच्या टोकांकडून कॅमेरा लावताय. लांबी दिसायची तर कॅमेऱ्याचा सेन्सर नखाच्या पृष्ठभागाला समांतर पाहिजे. नख तुमच्याकडं रोखलं की त्याची लांबी घडी होऊन जाते. आणि बोजड दिसतात ती लेन्स १८ला, म्हणजे सगळ्यात रुंद दृश्याला, ठेवून जवळ गेल्यामुळं. लेन्स ५५वर ठेवा, मागं सरका. फार लांब, वळलेल्या नखांना हा नियम पुरत नाही, कारण ती एका पातळीत नसतातच. तिथं बाजूनं काढा, वळण पूर्ण दिसेल असं.

फोकसच्या खोलीचं, म्हणजे पुढं-मागं किती जागा स्पष्ट येते याचं, गणित सांगतो, कारण इथं सगळे अडकतात. तुमच्या सेन्सरवर, खऱ्या मापाच्या एक तृतीयांश प्रतिमा घेत असाल आणि लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ११ असेल, तर फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम ५ मिलिमीटर. पाच नखं पाच उंचीवर असतील तर सगळी स्पष्ट येणं शक्यच नाही. छिद्र आणखी लहान करून एफ २२ला जाऊन उपयोग नाही, बारीक छिद्रातून उजेड पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि सगळंच मऊ पडतं. उपाय दोन. हात थोडा वळवून नखं एका पातळीत आणा, किंवा एकाच नखावर फोकस करून बाकीची मऊ राहू द्या. मला दुसरा आवडतो. ट्रायपॉड हवाच, तिचं कोपर टेबलावर आणि मनगटाखाली तांदळाची छोटी पिशवी, वर काळं कापड. हात बराच वेळ खाली लोंबकळत असेल तर शिरा फुगतात, बोटं लालसर होतात. फोटोआधी मिनिटभर हात खांद्याच्या वर धरायला सांगा, शिरा बसतात.

मोबाइलवर दोनच सूचना. पोर्ट्रेट मोड वापरू नका, तो पारदर्शक टोकांना पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. आणि फार जवळ गेलात की बरेच फोन आपोआप मॅक्रोच्या नावाखाली वाइड लेन्सवर उडी मारतात. मग फोनचीच सावली पडते आणि बोटं वाकडी दिसतात. दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स निवडा, मागं राहा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मोजपट्टी डोक्यातून काढून टाका. लांबीनं माणूस एकदा थक्क होतो, दुसऱ्यांदा नाही. पुण्याचे श्रीधर चिल्लाल यांनी १९५२पासून डाव्या हाताची नखं कापली नव्हती. पाचही मिळून ९०९.६ सेंटिमीटर भरली आणि जुलै २०१८मध्ये न्यू यॉर्कला ती कापली. अमेरिकेतल्या ली रेडमंड यांची दोन्ही हातांची मिळून साडेआठ मीटरांच्या वर होती, २००९च्या मोटार अपघातात ती तुटली. यांचे फोटो जगभर आहेत आणि बहुतेक एकसारखे: हात पुढं, नखं पसरलेली, बघा किती लांब. चिल्लाल तर स्वतः फोटोग्राफर होते. त्या नखांसह ते कॅमेरा कसा धरत असतील, हे बघायला मला त्या मापापेक्षा जास्त आवडलं असतं.

लांब नखांची बाई हात वेगळा वापरते. ती टोकानं काही उचलतच नाही. गुजरीत एकदा एक बाई सराफाच्या मखमली ताटातून सुटे मोती निवडत होत्या. अंगठा आणि मधलं बोट पालथं घालून, बोटांच्या सपाट गादीनं मोती चिमटीत घ्यायच्या, नखं मागं वळून एकमेकांना ओलांडून जायची, आणि करंगळी सगळ्यांपासून लांब, उंच. साजाचा फासा गळ्यामागं अडकवताना नख आडवं घालून कडी उघडली, बोटानं फासा ढकलला. हे सगळं इतक्या सहज की शेजारच्या बायका बघतच राहिल्या. ते कसब आहे, वर्षानुवर्षांचं. दाराची बेल बोटाच्या पेरानं दाबणं, मोबाइलवर बोट आडवं धरून टाइप करणं, भाकरीचा तुकडा तळहाताकडून मोडणं, गजऱ्याची गाठ मारताना दोरा नखाखालून फिरवणं, नाणं टेबलाच्या कडेपर्यंत सरकवून मग उचलणं. असलं काहीतरी करायला सांगा आणि गप्पा मारत राहा. पोझचा प्रश्नच उरत नाही. शटर थोडा जलद ठेवा, १/२०० सेकंद तरी.

कुणी विचारतं, भाकरी थापणाऱ्या, म्हशीची धार काढणाऱ्या बायकांचं काय? त्यांची नखं टिकतच नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यात अशा बायका बऱ्याच. त्यातल्या काही फक्त डाव्या करंगळीचं राखतात. पिठाच्या हातावरचं ते एकच राखलेलं नख, त्यावर जुनी उडालेली गुलाबी पॉलिश, हा फोटो मला कुठल्याही सलून-मॅनिक्युअरपेक्षा बघण्यासारखा वाटतो. घरातल्या म्हाताऱ्या त्यालाही नावं ठेवतात, नखं वाढवली की घरात दरिद्र येतं म्हणून. त्यांच्याशी वाद घालू नका, चहा घ्या.

मॅक्रो लेन्स आत्ता घेऊ नका. तुमची १८-५५ची लेन्स ५५वर, अगदी जवळच्या फोकसला, खऱ्या मापाच्या साधारण एक तृतीयांश प्रतिमा देते. म्हणजे फ्रेममध्ये साडेसहा-सात सेंटिमीटर रुंदी मावते. चार बोटांची नखं त्यात आरामात बसतात. मॅक्रोनं पूर्ण मापावर गेलात तर एकच नख, त्यावरचा प्रत्येक ओरखडा, मुळाशी सुटलेली प्रत्येक कातडी दिसते, आणि फोकसची खोली मिलिमीटरभर उरते. असा फोटो डॉक्टरांना आवडतो, जिचं नख आहे तिला नाही. लेन्सच्या मापाचा पोलरायझर, दोन मीटर मांजरपाट, काळा कार्डपेपर आणि एक बऱ्यापैकी ट्रायपॉड एवढ्यावर वर्षभर काम करा. पुढं मेंदीचा काठ, खाचा, रेघा असलं बारीक काही काढावंसं वाटायला लागलं तर जुनी १०० मिमीची मॅक्रो बघा. वापरलेली घेताना फोकसची रिंग पूर्ण फिरवून बघा आणि आतल्या काचेला बुरशी नाही ना, हे टॉर्च मारून तपासा. आपल्याकडच्या पावसात बुरशी लवकर धरते.